तेजोमेघांचे फोटो काढताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे दिसेल त्या मेघावर ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाच्या फक्त दोन अरुंद पट्ट्या आत सोडणारी काच) लावणं. गेल्या हिवाळ्यात वांगणीजवळ अमावास्येला आमच्यातल्या एका नवख्या मुलाने नवाकोरा फिल्टर चढवला आणि मृग नक्षत्रातल्या एम ७८ या मेघावर रात्रभर एक्स्पोजर घेतली. "अहो, याच फिल्टरने काढलेला जबरदस्त फोटो पाहिलाय मी," म्हणाला. तो फोटो होता एम ४२ चा, म्हणजे मृगातल्याच चमकत्या वायूच्या मेघाचा. तिथला हायड्रोजन आणि ऑक्सिजन स्वतः चमकतो, तोही ठरावीक तरंगलांबीला: ६५६ आणि ५०१ नॅनोमीटर. फिल्टर नेमका तेवढाच प्रकाश आत सोडतो. एम ७८ ची धूळ मात्र जवळच्या ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, त्यात सगळे रंग असतात आणि फिल्टरने ते जवळपास सगळे अडवले. पहाटे स्टॅकमध्ये, म्हणजे सगळी एक्स्पोजर एकत्र करून बनवलेल्या फोटोत, उरले तारे आणि कडेला बर्नार्ड्स लूप या चमकत्या हायड्रोजनच्या कमानीचा लाल पट्टा. अमावास्येची निरभ्र रात्र अशी वाया गेलेली मला बघवत नाही.

काळ्या मेघांसाठी, म्हणजे मागचा उजेड अडवणाऱ्या धुळीच्या ढगांसाठी, मी एकच प्रश्न विचारतो: मागे काय आहे? हॉर्सहेडच्या मागे आयसी ४३४ या मेघाचा चमकता हायड्रोजन आहे, तिथे फिल्टर खुशाल लावा. पाइप नेब्युलाच्या मागे आकाशगंगेतल्या असंख्य ताऱ्यांचा उजेड आहे. तोच कापलात तर काळा मेघ दिसणार कशावर? तिथे फिल्टर काढा आणि गाडी काढून अंधाऱ्या आकाशाखाली जा. याला शॉर्टकट नाही.

दुसरी चूक प्रोसेसिंगमधली. आकाश काळंभोर दिसावं म्हणून ब्लॅक पॉइंट (ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी) इतका ओढतात की मंद तपकिरी धूळ साफ पुसली जाते. हिस्टोग्रामच्या, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या (काळ्या) टोकाला मी नेहमी मोकळी जागा ठेवतो. फोटो आधी राखाडी, बेचव वाटतो, वाटू द्या. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा, मगच स्लायडरला हात लावा.

साध्या डीएसएलआरमधून लाल रंग फिका येतोय? सेन्सरपुढचा कारखान्यातला फिल्टर ६५६ नॅनोमीटरचा बराचसा प्रकाश अडवतो. सॅच्युरेशन वाढवून तो परत येत नाही.

चंद्र असताना धूळ टिपायला जाऊ नका.

आणि दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावून फोटोतले रंग शोधू नका. एम ४२ बहुतेकांना करडा-हिरवट दिसतो. मोबाइल खिशात ठेवून निदान अर्धा तास अंधारात बसा, मग नजर किंचित बाजूला ठेवून बघा. त्याचे पंख दूरवर पसरलेले दिसतील.