लेव्हेटिरासिटाम घेताना

फिट्सवरची ही गोळी बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा घ्या. जेवणाआधी की नंतर, फरक पडत नाही. मोठ्यांना बहुधा ५०० मिग्रॅ दोनदा असं सुरू करतात. दिवसाची कमाल मर्यादा ३००० मिग्रॅ. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हे वाढतं) वाढलेलं असेल तर डोस कमी लागतो.

सुरुवातीला झोप, चक्कर येते. पण खरी नजर ठेवायची ती मनावर: चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार. घरच्यांना हे आधी दिसतं. ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. तरीही गोळी आपणहून एकदम बंद करू नका, सलग झटके येऊ शकतात. डोस चुकला तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडा. दोन एकत्र कधीच नकोत.