ऑक्टोबरचे फोटो: द्राक्षबागेत सकाळी लवकर जा

नाशिकचा ऑक्टोबर म्हटलं की सगळे कॅमेरे रामकुंडाकडे वळतात. माझे आवडते फोटो मात्र दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षबागांतले. ऑक्टोबर छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत काडीवरचे डोळे फुटतात आणि लवदार, तांबूस-पोपटी पालवी बाहेर येते. ही पालवी टिपायची तर सूर्य पानामागे हवा. उकिडवं बसा, पान आणि सूर्य एका रेषेत आणा, म्हणजे शीर न् शीर उजळते. मोबाइल असेल तर पानावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेड थोडा कमी करा, नाहीतर आकाश पांढरंफटक येतं. नऊनंतर ऊन भगभगीत होतं, तेव्हा सरळ मिसळ खायला जावं!

शेतकऱ्याला विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. या दिवसांत डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने फवारण्या चालू असतात; पानांना हात लावू नका, फवारणी चालू असेल तर बाहेरच थांबा. कोवळा फुटवा धक्क्यानेही मोडतो, त्यामुळे ट्रायपॉड आणि पाठीवरची बॅग गाडीतच ठेवा.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जायची मात्र घाई नको. पक्ष्यांची खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत.