प्रीह विहारची सीमा क्यूजीआयएसमध्ये ताडून पाहताना

थायलंड-कंबोडिया वादातलं प्रीह विहार मंदिर डांग्रेक रांगेतल्या कड्यावर आहे. क्यूजीआयएस या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये इथे दोन रेषा असतात. त्या वेगवेगळ्या थरांवर काढा, नाहीतर घोळ होतो. १९०४च्या फ्रान्स-सियाम (सियाम म्हणजे आजचं थायलंड) कराराची रेषा जलविभाजकाची, म्हणजे पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं त्या माथ्याची, दुसरी फ्रेंच अधिकाऱ्यांनी १९०७मध्ये तयार केलेल्या नकाशातली.

आधी जलविभाजक. एसआरटीएम या उपग्रही उंची-माहितीची ३० मीटरच्या पेशींची एन१४ई१०४ फाइल उतरवा आणि ईपीएसजी ३२६४८ या मीटरमधल्या नकाशा-प्रक्षेपणात आणा. पाणलोट शोधणारं आर.वॉटरशेड हे साधन चालवा, त्याला उंचीच्या माहितीतले खड्डे आधी बुजवावे लागत नाहीत. पाणलोटाच्या किमान आकाराची मर्यादा १,००० पेशी ठेवा, म्हणजे सुमारे ०.९ चौरस किमी. ती कमी ठेवली तर बारक्या ओहोळांचं जाळं होतं आणि मुख्य रेषा त्यात हरवते. पठार उत्तरेला हलकेच उतरतं, दक्षिणेला कडा तुटतो. त्यामुळे रेषा कड्याजवळून जाते आणि मंदिर थायलंडकडे पडतं. एसआरटीएम जमिनीऐवजी बऱ्याचदा झाडांचे शेंडे मोजतं. सपाटीवर तेवढ्यानेही रेषा सरकते.

आता फ्रेंच नकाशा. प्रमाण १:२,००,०००. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर एक पिक्सेल म्हणजे १७ मीटर, आणि अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ म्हणजे जमिनीवर तब्बल १०० मीटर! जुन्या फ्रेंच नकाशांत रेखांश अनेकदा पॅरिसपासून मोजलेले असतात, तेव्हा आधी नकाशाच्या चौकटीवरचे आकडे तपासा. असतील तर त्यांत २°२०′१४″ मिळवा. विसरलात तर नकाशा पश्चिमेला अडीचशे किलोमीटर जाऊन बसतो. नकाशा जमिनीशी जुळवायला दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या निदान आठ खुणा घ्या, चारी बाजूंना पसरलेल्या. ओ तासेम ओढ्यावर मात्र खूण नको: नकाशात तो चुकल्याचा मुद्दा आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या १९६२च्या खटल्यातच निघाला होता.

नकाशा चुकला हे दाखवून निकाल उलटतो, असं समजू नका. न्यायालयाने त्या खटल्यात ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाचं ठरवलं, कारण सियामने नकाशावर वेळेत हरकत घेतली नाही. उलट सियामचे राजपुत्र दामरोंग यांनी आणखी १५ प्रती मागवल्या होत्या.

या निकालाचा न्यायालयाने २०१३मध्ये केलेला खुलासा दाखवायला तिसरा थर, मंदिराच्या सुळक्याच्या हद्दींचा: पूर्वेला, दक्षिणेला, नैर्ऋत्येला कडा, उत्तरेला नकाशाची रेषा, पश्चिमेला फ्नोम त्राप टेकडीचा पायथा. टेकडी न्यायालयाने या सुळक्यात धरली नाही आणि कुणाची तेही ठरवलं नाही. ती बिनरंगी सोडा.