बंपर उलटा करून बघा

तीन वर्षांपूर्वी कणकवलीजवळ हायवेवर बसलेल्या रेड्याला चुकवताना आमची गाडी चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर गेली. विम्याचा कॅशलेस क्लेम झाला, म्हणजे गॅरेजचे पैसे विमा कंपनीने परस्पर दिले, आणि गाडी चकचकीत होऊन आली. पहिल्याच पावसात डाव्या हेडलाइटमध्ये पाणी साचलं. खोलून बघतो तर काचेवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना नंबर. बिलात मात्र ओरिजिनलचा भाव! गॅरेजवाला हसून म्हणाला, "काका, पैशे कंपनी देता, तुमका कित्याक व्हयी काळजी?"

काळजी अशी की झीरो डेप (पार्टचा घसारा न कापणारा विमा) नसेल तर प्लास्टिक पार्टची निम्मी किंमत आपल्याच खिशातून जाते. वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गेला तो गेलाच.

यंदा पुन्हा पुढचं तोंड फुटलं तेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला त्या दिवशी मी गॅरेजमध्येच ठाण मांडलं. काय बदलायचं आणि काय ठोकून सरळ करायचं, त्या यादीचा फोटो घेतला. एस्टिमेटवर नुसतं 'फ्रंट बंपर' लिहिलेलं चालवून घेऊ नका, पार्ट नंबर मागा. तो नंबर गाडीच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरला सांगितला की मॉडेल आणि एमआरपी दोन्ही कळतं.

माल कोल्हापूरहून येणार होता. खोका माझ्यासमोर फोडा, असं आधीच बजावलं. लेबलवर नंबर, एमआरपी, पॅकिंगचा महिना बघा, पण खोक्यावर विसंबू नका. जुन्या खोक्यात नवा डुप्लिकेट घालायला कितीसा वेळ लागतो? बंपर रंगाला जाण्याआधी उलटा करा. आतल्या बाजूला साच्यातच उठलेला कंपनीचा लोगो, पार्ट नंबर आणि बहुधा घड्याळासारखी छोटी तबकडी असते. तिच्यातला बाण बनवल्याचा महिना दाखवतो. आमच्या बंपरला ते सगळं होतं. डुप्लिकेटची आतली बाजू बहुतेकदा खडबडीत असते आणि क्लिपची भोकं नीट जुळत नाहीत.

पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काच बनवणाऱ्याबरोबर गाडीच्या कंपनीचंही चिन्ह हवं. ते नसेल तर ती बाजारातली काच. वाईट असेलच असं नाही, पण ओरिजिनलचा भाव तिला कशाला?

आणि जुने पार्ट दाखवा म्हणा. ते भंगार म्हणून जमा होतात, घरी नेता येत नाहीत, पण फोटो काढायला कोण अडवतंय? जुना फेंडर (चाकावरचा पत्रा) दाखवायला नसला तर तोच पुटी मारून, रंगवून परत गाडीवर चढला असण्याची शक्यता असते.

एवढं जुळलं, मग काम मान्य असल्याच्या कागदावर सही केली. गाडी न्यायची घाई दिसली की तो कागद आधी पुढे सरकवतात.