जुना वॉलपेपर काढून भिंत रंगवताना : कागदापेक्षा खळ अवघड

सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या घरात दिवाणखान्याच्या एका भिंतीवर सोनेरी वेलबुट्टीचा वॉलपेपर होता. कडा सुटलेल्या, खिडकीखाली फुगा आलेला, आणि पाहुण्यांची नजर जाऊ नये म्हणून त्या फुग्यापुढे कायमची ठेवलेली एक खुर्ची. तो कागद मी एका दुपारी ओढून काढला, दुसऱ्या दिवशी प्रायमर मारला, तिसऱ्या दिवशी रंगाचा पहिला हात दिला आणि स्वतःवर खूश झालो. पंधरा दिवसांत त्या भिंतीला उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगा पडल्या आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे बोटाने उचलता येऊ लागले. त्यानंतर आमच्या आणि नातेवाइकांच्या घरांतल्या आठ-नऊ भिंतींवरचा कागद मी काढला आहे. कागद काढणे हे यातील सर्वांत सोपे काम आहे आणि बहुतेक सल्ले नेमके तिथेच संपतात, म्हणून हा लेख.

रोलर कोणता घ्यावा, जमिनीवर काय अंथरावे, हे येथे सांगत नाही. मात्र काम कधी काढावे, याबद्दल बोलणे भाग आहे. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंग काढण्याची पद्धत आहे आणि भिंतीच्या दृष्टीने ती वेळ वाईट आहे, कारण चार महिने पाऊस पिऊन बसलेली जुनी भिंत तेव्हा आतून ओलीच असते. नदीजवळच्या गल्ल्यांत तर हे फारच जपावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि त्या वेळी पाणी शिरलेल्या घरांपैकी काहींच्या भिंतींना अजूनही पावसाळ्यानंतर खालच्या बाजूला लोणा, म्हणजे भिंतीतून वर येणारा पांढरा क्षार, दिसतो. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला दव जमले, तर त्या भिंतीला हात लावू नये. अशी पांढरी भुकटी दिसली, तर ती कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरावी, पाण्याने धुऊ नये, कारण पाण्यात विरघळलेला क्षार पुन्हा भिंतीत मुरतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी वर येतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतची कोरडी हवा या कामाला सर्वांत चांगली. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी ब्रशचा एक फटकारा दुसऱ्याला मिळण्याआधीच सुकतो आणि जोड दिसत राहतात.

कागद काढणे

भिंतीवर पाणी मारायचे असल्याने त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करावी आणि स्विचबोर्डाची झाकणे काढून आत प्लास्टिक गुंडाळावे. बहुतेक वॉलपेपर दोन थरांचे असतात. वरचा प्लास्टिकचा थर कोपऱ्यातून नखाने सुटा करून खाली ओढला की सोलून येतो आणि मागे पांढरट कागद राहतो. त्यावर कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे थेंब टाकून फवारावे, पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा फवारावे आणि पत्रा (पुट्टी लावायची रुंद पाती) भिंतीला जवळजवळ आडवा धरून कागद उचलावा. पत्रा उभा धरला की गिलाव्यात खाचा पडतात आणि त्या भरण्यात आणखी एक दिवस जातो. कागद निघत नसेल, तर जोर वाढवू नये, पाणी आणि वेळ वाढवावा. कागदावरच रंग मारा, असे सांगणाऱ्याकडे पुढचा सल्ला मागू नये.

खळ

आता खरे काम. कागद निघाल्यावर भिंत स्वच्छ दिसते, पण ती स्वच्छ नसते. कागद चिकटवताना वापरलेली खळ गिलाव्याच्या रंध्रांत बसलेली असते आणि वाळलेली असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तिच्यावर पाण्याचा प्रायमर किंवा रंग लागला की त्यातले पाणी पिऊन ती फुगते आणि सुकताना आक्रसते. आक्रसताना वरच्या रंगाला सोबत ओढते, म्हणून भेगा पडतात. शिवाय पिठाची खळ हे बुरशीचे आयते अन्न आहे. पहिल्या पावसाळ्यात कपाटामागे काळे ठिपके दिसू लागले आणि सगळ्यांनी गच्चीतल्या गळतीला दोष दिला, तेव्हा ही गोष्ट माझ्या ध्यानात आली.

खळ आहे की नाही, हे पाहण्याच्या माझ्या तीन रीती आहेत. रात्री खोलीतला दिवा बंद करून विजेरी भिंतीला लावून आडवी धरावी. खळीचे पट्टे मंद चकाकतात. दुसरी रीत म्हणजे ओला तळवा भिंतीवर फिरवावा. साफ गिलावा खरखरीत लागतो, खळ मात्र भिजवलेल्या साबुदाण्याच्या पाण्यासारखी बुळबुळीत लागते. तिसरी रीत शाळेतल्या विज्ञानाच्या तासाची आहे. घरातले बीटाडीन (जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध) दहापट पाण्यात मिसळून कापसाच्या बोळ्याने भिंतीवर टिपावे आणि लगेच पाहावे. पिठाची किंवा स्टार्चची खळ असेल, तर निळसर काळा डाग उमटतो. नसेल तर तपकिरी-पिवळाच राहतो. मात्र तयार पुडीतली खळ पुष्कळदा सेल्युलोजपासून बनवलेली असते आणि तिच्यावर बीटाडीनचा रंग बदलत नाही, म्हणून अंतिम निकाल तळव्याचाच मानावा.

खळ धुण्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात. एकीत साबणाचे कोमट पाणी आणि दुसरीत स्वच्छ पाणी. साधारण तीन फूट लांब-रुंद तुकडा धरून तेवढाच भिजवावा, दहा मिनिटे थांबावे, वर आलेला चिकटा पत्र्याने अलगद निपटून जुन्या वर्तमानपत्रावर पुसावा, मग स्पंजने धुवावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याच्या स्पंजने पुन्हा पुसावे. काम वरून खाली न्यावे, म्हणजे ओघळ धुतलेल्या भागावर येत नाहीत. बादलीतले पाणी पेजेसारखे दिसू लागले की ओतून टाकावे. दुसऱ्या खेपेस मी हीच चूक केली होती : एकाच बादलीवर अख्खी भिंत धुतली आणि एका जागची खळ साऱ्या भिंतीवर एकसारखी सारवून ठेवली. दहा बाय बारा फुटांच्या भिंतीला मला सात-आठ वेळा पाणी बदलावे लागते आणि सहसा पूर्ण दिवस जातो. याहून लवकर उरकले, तर तळवा पुन्हा फिरवून पाहावा.

गावभागासारख्या जुन्या वस्तीत आणखी एक सावधगिरी हवी. तेथील कित्येक घरांत चुन्याचा गिलावा आहे आणि त्यामागची विटांची जोडाई मातीची आहे. अशा भिंतीवर पाणी ओतू नये, पिळलेला स्पंजच वापरावा आणि भांड्यांची घासणी दूर ठेवावी. धुण्याआधी बोटाच्या पेराने भिंत ठोकून पाहावी; जेथे पोकळ आवाज येतो, तेथील गिलावा सुटलेला आहे आणि तो काढून नवा करण्यावाचून गत्यंतर नाही. सिमेंटचा नवा ठिगळ असेल, तर त्यावर पाणी मारून तो पिकवावा आणि सुमारे २८ दिवस रंग लावू नये. गवंडी आठ दिवस पुरेत म्हणेल; त्याला पुढच्या कामावर जायचे असते.

पुट्टीचा जाड हात दिला की सगळे झाकले जाते, हा सल्ला मला निरनिराळ्या चार कारागिरांनी दिला आहे आणि तो चारही वेळा चुकीचा होता. सिमेंटची पुट्टी पाण्यात कालवलेली असते, त्यामुळे ती खळीला प्रायमरपेक्षाही जास्त भिजवते आणि मग रंगाचा पापुद्रा न सुटता पुट्टीची खपलीच सुटते. दुसरा सल्ला तेलाच्या प्रायमरने खळ कोंडून टाकण्याचा. खळीचा थर अगदी पातळ असेल तेथे तो चालून जातो, हे मान्य. पण मागून ओल घेणाऱ्या जुन्या भिंतीचा श्वास कोंडण्यापेक्षा एक दिवस हात दुखलेले मला परवडतात.

खळ गेल्यावर खालचा जुना डिस्टेंपर उघडा पडतो. कोरड्या हाताला पांढरी भुकटी लागली, तर तो खरवडून काढावा. मग भिंतीवर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. पट्टीला भुकटी किंवा पापुद्रा लागला, तर अजून खरवडायचे आहे. त्यानंतर पंखे लावून, खिडक्या उघड्या ठेवून भिंत किमान तीन दिवस वाळू द्यावी.

रंग

येथून पुढे अवघड काही नाही. भेगा भराव्यात, प्रायमरचा एक हात, पुट्टीचे दोन पातळ हात, आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणे, ओल्या फडक्याने धूळ पुसणे, पुन्हा प्रायमर, आणि मधे चार-सहा तास सोडून इमल्शनचे दोन हात. सिमेंटची पुट्टी दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवावी. घासताना तोंडावर मास्क असावा. दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. तेथे पाणी लावून घासावे आणि राड कागदात गुंडाळून टाकावी.

शेवटचा हात वाळला तरी कपाट लगेच भिंतीला टेकवू नये. आठवडाभर ते खोलीच्या मध्यावरच राहू द्यावे आणि नंतरही भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवावे. फुग्यापुढची खुर्ची आता आम्ही ओसरीवर ठेवली आहे.