फ्लोरिडात मेडिकल मॅरुवाना (औषध म्हणून वापरायचा गांजा) कार्ड काढताय? आधी हे बघा
कॅन्सर, एपिलेप्सी, ग्लॉकोमा असं काही असेल तर आधी राज्याची मान्यता असलेला डॉक्टर गाठा, पहिली तपासणी समोरासमोरच लागते, मग तो तुमचं नाव राज्याच्या रजिस्ट्रीत (पेशंटच्या नोंदवहीत) टाकतो आणि त्यानंतरच ७५ डॉलर भरून कार्डाचा अर्ज करता येतो, डॉक्टरची फी वेगळी बरं का. कार्ड वर्षभर चालतं, पण डॉक्टरने तुम्हाला दिलेलं सर्टिफिकेशन जास्तीत जास्त २१० दिवसच, त्यामुळे दोन्ही तारखा मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

आणि आपल्यापैकी जे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी कृपया आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कारण फेडरल कायदा राज्याचं कार्ड मानत नाही, सिटिझनशिपच्या वेळी अडचण येऊ शकते. भारतात येताना तर काहीही सोबत आणू नका, इथे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा लागतो.