धुऱ्यावरचे पाकीट आणि पॉप्युलेशन जेनेटिक्सचा अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कोरडवाहू शेतात बीटी कपाशीच्या, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीच्या, पिशवीसोबत नॉन-बीटी बियाण्याचे छोटे पाकीट येत असे आणि ते धुऱ्यावरच पडून राही. बीटीभोवती या बियाण्याच्या ओळी लावायच्या असत. पण अळीला खाऊ घालण्यासाठी जमीन कशाला अडवायची, या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणाकडेच नव्हते. मला ते एम.एस्सी.ला पॉप्युलेशन जेनेटिक्समध्ये, म्हणजे समूहातल्या जनुकांचे प्रमाण कसे बदलते याच्या अभ्यासात, हार्डी-वाइनबर्गचे समीकरण सोडवताना मिळाले.

जनुकाच्या एखाद्या रूपाचे प्रमाण माहीत असले तर ते एकदा किंवा दोनदा मिळालेले जीव किती असतील, हे सांगणारे आणि १९०८ साली हार्डी व वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेले हे समीकरण नवे विद्यार्थी पाठ करतात आणि तिथेच थांबतात. त्याऐवजी त्यात आपल्या शिवारातले आकडे घालून पाहावेत. समजा, गुलाबी बोंडअळीत बीटीला दाद न देणारे जनुकरूप (जनुकाचा एक प्रकार) शंभरात एक आहे आणि ते अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्या तरच परिणाम दाखवते. मग आई-बाप दोघांकडून ते मिळालेली, म्हणजे बीटीवर जगणारी अळी दहा हजारांत एकच असते. एकाकडूनच मिळालेल्या १९८ अळ्या बीटीवर मरतात. नॉन-बीटीवर वाढलेले पुष्कळ साधे पतंग आसपास असले, तर त्या वाचलेल्या एकाची जोडी बहुधा त्यांच्याशी जुळते आणि तिची पिल्लेही बीटीवर मरतात. ओळी नसल्या की वाचलेले वाचलेल्यांशीच जुळतात आणि त्यांची पिल्ले बीटीवर जगतात.

अमेरिकन बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, म्हणून तिला आसरा आपोआप मिळतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते, आणि फरदड (वेचणीनंतरही उभे ठेवलेले पीक) ठेवली की तिच्या आणखी पिढ्या निघतात. २००२ मध्ये बीटीला आणि २००६ मध्ये दोन बीटी जनुकांच्या वाणांना परवानगी मिळाली होती. तरीही २०१७ च्या हंगामात आम्ही फोडलेली बोंडे बाहेरून निकोप आणि आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली निघाली. नैसर्गिक निवड म्हणजे काय, हे मला त्या बोंडांनी शिकवले.

जीवशास्त्राचे विद्यार्थी गणित टाळतात. मीही टाळले आणि त्यात एक वर्ष गमावले, म्हणून संख्याशास्त्र पहिल्या सत्रापासून धरावे. आकस्मिक विचलन, म्हणजे जनुकरूपांचे प्रमाण केवळ योगायोगाने बदलणे, समजण्यासाठी दहा तुरीचे आणि दहा मुगाचे दाणे डब्यात घालावेत, एकेक काढून, नोंदवून परत टाकत वीस नोंदी कराव्यात, आणि आलेल्या प्रमाणाने डबा पुन्हा भरावा. पुष्कळ फेऱ्यांनंतर, निवड नसतानाही, बहुधा एक धान्य नाहीसे होते. संगणकावरची आर ही संख्याशास्त्राची भाषा नंतर शिकली तरी चालते.

अळ्यांचे नमुने गोळा करताना पेरणीची तारीख आणि आधीच्या वर्षी पऱ्हाटी केव्हा उपटली, हे शेतकऱ्याला आवर्जून विचारावे. मादीच्या गंधाने पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतात, आणि एकाच झाडावरच्या अळ्या भावंडे असू शकतात. म्हणून मी एका झाडाचे एकच बोंड घेते आणि दहा पावले चालून पुढचे झाड निवडते.